बासनात बांधताना

कुणी वर्षानुवर्षं जीव लावलेलं काम बाजूला ठेवून चार पैसे सुटतील अशा धंद्याला लागलं, की भोवती लगेच दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, 'शेवटी पैशापुढे वाकलास.' दुसरा म्हणतो, 'आली एकदाची अक्कल.' एक हळहळतो, एक पाठ थोपटतो, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो मधल्या मध्ये आजारातून उठलेल्या माणसासारखा गप्प बसून असतो. ही चर्चा इतक्या वेळा ऐकली आहे की दोन्ही बाजूंची वाक्यं मला तोंडपाठ आहेत. 'मनापासून केलंस तर पैसा आपसूक मागे येईल.' 'आधी पोटोबा, मग विठोबा.' 'म्हातारपणी पस्तावशील.' 'छंद फावल्या वेळात करावा.' गंमत अशी की, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या पक्षांचं एका बाबतीत एकमत आहे. हा प्रश्न निष्ठेचा आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. काम थांबवलं म्हणजे निष्ठा संपली. मग ती संपली याचं सुतक धरायचं की पेढे वाटायचे, एवढाच त्यांच्यातला वाद.

मला हा वादच चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. ध्यासाचं काम थांबवून चालणारा धंदा धरण्यात लाज वाटावी असं काही नाही. पुष्कळदा ते त्या कामाच्याच भल्याचं असतं. मात्र थांबवणं ही कृती आहे, ती ठरवून करावी लागते, आणि बहुतेक जण ती करतच नाहीत. ते कामाकडे जाणं कमी करत जातात, मग बंद करतात, आणि कुणी विचारलंच तर 'तूर्तास थांबवलंय' असं सांगतात. 'बासनात गुंडाळणं' हा वाक्प्रचार आज आपण विसरलेल्या अहवालांसाठी आणि बारगळलेल्या योजनांसाठी वापरतो. पण बासन म्हणजे मुळात पोथी जपण्याचं कापड. पानं क्रमाने लावायची, खालीवर फळी द्यायची, मग गाठ मारायची. पुढच्या हाताला पोथी उघडली की पहिलं पान पहिलंच सापडलं पाहिजे, यासाठी हा खटाटोप. गुंडाळणं आणि बांधून ठेवणं यात जेवढा फरक आहे, तेवढाच काम सोडून देणं आणि थांबवणं यात आहे. चर्चा व्हायला हवी ती या फरकाची.

निष्ठेच्या पक्षाचा लाडका नायक म्हणजे कधीच न थांबलेला माणूस. म्हणून सुरुवात थांबलेल्या माणसापासून करतो. जेम्स वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणं बनवणारा कारागीर होता. न्यूकोमेनच्या वाफयंत्राचा एक नमुना त्याच्याकडे दुरुस्तीला आला, आणि १७६५ मध्ये त्याला ती प्रसिद्ध कल्पना सुचली: वाफ मुख्य सिलिंडरमध्ये थंड न करता वेगळ्या कोठीत थंड करायची. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथून थेट औद्योगिक क्रांतीवर उडी मारते. मधल्या दहा वर्षांचं काय? त्यातली बरीचशी वर्षं वॉटने जमिनी आणि कालवे मोजण्यात घालवली. कर्ज झालेलं, घरात बायकोमुलं, आणि कालव्यांच्या मोजणीचे पैसे रोख मिळायचे. १७६९ मध्ये पेटंट मिळालं, त्याच वर्षी उभारलेलं चाचणीचं यंत्र नीट चाललं नाही, आणि वॉट पुन्हा साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन डोंगरात गेला. १७७३ मध्ये त्याचा भागीदार रोबक बुडाला. तेव्हा एखादा हितचिंतक वॉटला म्हणाला असता, 'यंत्राचं खूळ डोक्यातून काढ', तर त्याला मूर्ख ठरवणं अवघड होतं. उलट, 'कालवे सोड, यंत्र धर' असं सांगणारा मात्र नक्कीच चुकला असता.

कारण वॉटच्या यंत्राची अडचण त्याच्या चिकाटीत नव्हतीच. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधून वाफ निसटायची. तेवढा गोल, तेवढा सरळ सिलिंडर कापणारं यंत्रच जगात नव्हतं. ते जॉन विल्किन्सनने १७७४ च्या सुमारास तोफांची नळी कोरण्यासाठी बनवलं. त्याच वर्षी वॉट बर्मिंगहॅमला गेला, १७७५ मध्ये तिथल्या बोल्टन या कारखानदाराबरोबर भागीदारी झाली, १७७६ मध्ये पहिली यंत्रं कामाला लागली. मधली वर्षं वॉटने त्या गळक्या सिलिंडरवर डोकं आपटत काढली असती, तर सिलिंडर काही घट्ट झाला नसता. कर्ज मात्र वाढलं असतं. आपल्या कामातही अडलेली गोष्ट बऱ्याचदा आपल्या हाताबाहेर असते. ग्राहक अजून तयार झालेला नसतो, लागणारं साधन महाग असतं, सोबतीला हवा तो माणूस अजून भेटलेला नसतो. अशा वेळी 'आणखी जोर लाव' हा सल्ला म्हणजे बंद दाराला खांदा लावणं, आणि दार तर आपल्याकडे ओढून उघडायचं असतं.

या थांबण्याची किंमत वॉटने मोजली, हेही सांगायला हवं. पेटंटची मुदत चौदा वर्षांची होती आणि त्यातली सहा अशीच गेली. १७७५ मध्ये संसदेने खास कायदा करून ती १८०० पर्यंत वाढवून दिली म्हणून निभावलं. तुमच्याआमच्यासाठी संसद बसत नाही.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात भारी म्हणणं घेऊ. थांबवलेलं काम पुन्हा सुरू होत नाही. 'दोन वर्षांनी येतो' म्हणून गेलेला माणूस परत येत नाही, आणि आला तरी तो तोच राहिलेला नसतो. हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही. आर्थर रँबो या फ्रेंच कवीने विशी उलटता उलटता कविता थांबवली, पुढे एडन आणि हरार इथे कॉफीपासून बंदुकांपर्यंतचा व्यापार केला, आणि १८९१ मध्ये सदतिसाव्या वर्षी तो गेला. कवितेकडे तो परत वळलाच नाही. राइट बंधूंची गोष्ट तर अधिक टोचणारी आहे, कारण त्यांनी आपलं वेड सोडून दुसरा धंदा धरला नव्हता, वेडाचाच धंदा करायला घेतला होता. ऑक्टोबर १९०५ पर्यंत त्यांचं विमान अर्धा तास हवेत राहत होतं. त्यानंतर थेट मे १९०८ पर्यंत दोघं एकदाही उडाले नाहीत. पेटंट हातात येईपर्यंत आणि करार होईपर्यंत यंत्र कुणाला दाखवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या अडीच वर्षांत १९०६ च्या शरदात सांतोस द्युमाँ हा ब्राझीलचा वैमानिक पॅरिसच्या लोकांसमोर उडाला आणि युरोपने त्यालाच डोक्यावर घेतलं. १९०८ मध्ये विल्बरने फ्रान्समध्ये उड्डाणं करून सगळ्यांना गप्प केलं खरं, पण पुढची वर्षं कोर्टकचेऱ्यांनी खाल्ली. विल्बर १९१२ मध्ये वारला, ऑर्व्हिलने १९१५ मध्ये कंपनी विकली, आणि तोवर विमानांची रचना त्यांच्या पुढे निघून गेली होती. धंदा माणसाला गिळतो, या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

मग माझा मुद्दा पडला का? मला तसं वाटत नाही, कारण या युक्तिवादाने तराजूच्या एकाच पारड्यात वजन टाकलेलं आहे. सिसेरो या रोमन लेखकाने सांगितलेली एक जुनी गोष्ट आहे. डायगोरस नावाच्या नास्तिकाला एका मित्राने देवळातली चित्रं दाखवली. वादळात सापडलेल्या, देवाला नवस बोललेल्या आणि सुखरूप परतलेल्या खलाशांची ती चित्रं. 'बघ, आता तरी मान.' डायगोरस म्हणाला, 'आणि जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत?' न थांबलेल्यांच्या गोष्टी या अशाच देवळात टांगलेल्या असतात. घर गहाण टाकून शेवटपर्यंत लढला आणि जिंकला, त्याची मुलाखत होते. घर गहाण टाकून शेवटपर्यंत लढला आणि हरला, त्याच्याकडे कुणी माइक घेऊन जात नाही. तो पुढची दहा वर्षं हप्ते फेडत असतो. त्याचं आवडतं काम त्यानंतर त्याच्या डोळ्यांसमोरही नको असतं, हे त्यातलं मला सगळ्यात वाईट वाटतं. थांबल्यामुळे मेलेली कामं आपण मोजतो. न थांबल्यामुळे ज्यांचा वीट आला, अशी कामं कोण मोजणार?

रँबोबद्दल थोडं वेगळं. तो थांबला हा साहित्याचा तोटा, यात शंका नाही. पण त्याचा तोटा झाला हे आपण कशावरून ठरवतो? काही माणसांचं एखाद्या कामाशी असलेलं नातं खरोखर संपतं, आणि ते चालू राहतं ते केवळ 'एवढी वर्षं घातली' म्हणून. थांबल्यावर सहा महिने त्या कामाची आठवणही आली नाही, तर हाती आलेली माहिती फार मोलाची आहे. चालू असताना ती कधीच मिळाली नसती.

यावर मधला मार्ग सुचवणारे येतात. थांबवता कशाला, दोन्ही करा ना! दिवसा धंदा, रात्री ध्यास. ऐकायला इतकं समंजस आहे की याला विरोध करताना आपणच आडमुठे वाटतो. त्यांच्या मदतीला आइनस्टाइन तर हजरच असतो. बर्नच्या पेटंट कचेरीत कारकुनी करत त्याने १९०५ चे शोधनिबंध लिहिले, मग तुम्हाला काय धाड भरली? आपल्या संतांचाही दाखला देता येतो. सावता माळी, गोरा कुंभार ही नावंच सांगतात की मळा आणि चाक सोडायची गरज पडली नाही. दाखले खरे आहेत. पण त्यात एक गफलत आहे, आणि ती या चर्चेत सगळीकडे पसरली आहे. पेटंट कचेरीतली कारकुनी ही नोकरी होती. ती ठरल्या वेळी सुटायची, आणि सुटल्यावर कचेरी बुडेल की तरेल याची काळजी आइनस्टाइनला नव्हती. गोरोबाचं चाक आयुष्यभर फिरलेलं, हाताला सवयीचं. आपण बोलतोय ते नव्याने उभ्या करायच्या धंद्याबद्दल. नवा धंदा घरी येतो, जेवताना शेजारी बसतो, पहाटे तीनला उठवून विचारतो, 'त्या बिलाचं काय झालं?' त्याला रात्रीचे दोन तास नाकारणारा माणूस प्रत्यक्षात दोन्ही कामांना उरलेसुरले तास देतो. मग धंदा अर्धवट राहून बसत नाही आणि ध्यास झोपेत पेंगत चालतो. एक ना धड, भाराभर चिंध्या. वर तो माणूस निष्कर्ष काढतो की आपल्याला धंदा जमतच नाही! जमत नाही की नीट केलाच नाही?

दोन्ही एकदम करून दाखवलेला एक मोठा माणूस आहे, आणि त्याची कहाणी पूर्ण ऐकावी अशी आहे. चार्ल्स आइव्ज हा अमेरिकन संगीतकार न्यूयॉर्कमध्ये विम्याचा धंदा करत होता. नुसता करत नव्हता, त्या क्षेत्रात त्याचं नाव होतं. दिवसा विमा, रात्री आणि सुट्टीत संगीत. असं दीड दशक चाललं. १९१८ मध्ये तब्येत ढासळली. १९२७ नंतर त्याने नवं जवळजवळ काही रचलं नाही. धंद्यातून निवृत्त झाला तो १९३० मध्ये, म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही हातात आले तेव्हा सूर आटले होते. आधी लिहून ठेवलेल्या तिसऱ्या सिंफनीला १९४७ मध्ये पुलित्झर मिळालं, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. याला यश म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. फुकट मात्र नक्कीच पडलं नाही.

राइट बंधूंकडे परत जातो, कारण त्यांच्या आधीच्या वर्षांत मला एक वेगळी रीत दिसते. १८९२ पासून त्यांचं सायकलींचं दुकान होतं. सायकलींचा हंगाम भरात असताना दुकान. तो ओसरला, की बहुतेक वर्षी किटी हॉक या समुद्रकाठच्या गावाजवळच्या वाळूत ग्लायडर. म्हणजे ते दर वर्षी वेड थांबवत होते आणि दर वर्षी उचलत होते. १९०१ मध्ये दुकान सांभाळायला चार्ली टेलर नावाचा मेकॅनिक ठेवला, त्यानेच दोन वर्षांनी त्याच दुकानात विमानाचं इंजिन घडवलं. पंखे फिरवायला दातेरी चाकं आणि साखळ्या वापरल्या, हे तर सायकलवाल्याचंच डोकं. त्याच सुमाराला सॅम्युएल लँगली या नामवंत शास्त्रज्ञाला अमेरिकेच्या युद्धखात्याने ५०,००० डॉलर दिले होते. त्याचं यंत्र ८ डिसेंबर १९०३ ला दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत पडलं. नऊ दिवसांनी राइट उडाले, आणि त्यांचा स्वतःचा एकूण खर्च हजार डॉलरच्या आसपास होता. सायकलींमुळेच ते उडाले असं मी म्हणणार नाही. पण 'पूर्णवेळ झोकून दिल्याशिवाय मोठं काम होत नाही' हे वाक्य ऐकलं, की मला पोटोमॅक नदी आठवते.

आणखी एक आक्षेप आहे, आणि व्यवहारी पक्षाला तो कधी विचारला जात नाही याचं मला नवल वाटतं. हा जो 'चालणारा' धंदा म्हणता, तो चालणारा आहे हे कुणी सांगितलं? कितीतरी लोक तोट्यातलं आवडतं काम सोडून तोट्यातलं नावडतं काम धरतात, कारण त्या वर्षी सगळे तेच करत असतात. नावडतं आहे म्हणून ते व्यवहार्य वाटतं. कडू आहे म्हणजे औषध असणार, असा काहीसा हिशेब. इथे मी निष्ठावाल्यांच्या बाजूने उभा आहे. धंदा चालणारा आहे हे कागदावरच्या तक्त्याने ठरत नाही. ओळखीदेखीशिवायच्या माणसाने पैसे मोजले, आणि तोच माणूस दुसऱ्यांदा पैसे घेऊन आला, एवढं तरी घडलेलं असावं. ते घडण्याआधी जिवाभावाचं काम थांबवणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणं. आणि 'छंद फावल्या वेळात करावा' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की ज्याला तुम्ही छंद म्हणता त्यात त्या माणसाने शिकलेलं कसब बहुतेक वेळा नव्या धंद्याचं खरं भांडवल असतं. एका कंपनीने काही वर्षं खपून 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन खेळ बनवला. तो चालला नाही, डिसेंबर २०१२ मध्ये बंद केला. खेळ बनवताना आपापसांत बोलायला त्यांनी एक साधन तयार केलं होतं, तेच 'स्लॅक' म्हणून पुढच्या वर्षी बाहेर आलं आणि २०२१ मध्ये सुमारे २७.७ अब्ज डॉलरना विकलं गेलं. ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातला दुसरा, कमी सांगितला जाणारा भाग आवडतो. खेळ परत येणार नाही हे कळल्यावर त्यांनी 'थोडं थांबलोय' असं नाटक केलं नाही, तर त्यातली हजारो चित्रं २०१३ मध्ये सर्वांना मोफत वापरायला खुली केली. सोडायचं ठरवलं तर ते असं सोडावं.

थांबवायचं असेल तर मात्र बांधून ठेवावं लागतं. हे मी वाचून नव्हे, हात पोळून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी कारागिरांच्या तोंडचे शब्द गोळा करायचं वेड मला लागलं होतं. सुतार, लोहार, विणकर, जो भेटेल त्याच्याशी बोलायचो आणि कार्डांवर लिहून घ्यायचो. मग कामधंद्यात अडकलो, कार्डं खोक्यात गेली. सात-आठ वर्षांनी खोकं उघडलं तेव्हा शाई जशीच्या तशी होती. पण निम्म्या कार्डांच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची फुली. फुली म्हणजे शब्द तपासला, की टाकून दिला? काही कार्डांवर 'ज.' लिहिलेलं. 'ज.' म्हणजे जुना? जळगावकडचा? की 'ज'ने नाव सुरू होणाऱ्या कुणा माणसाने सांगितलेला? माझंच अक्षर, माझीच फुली, आणि मला विचारायला कुणी नाही. ती कार्डं आजही खोक्यातच आहेत. ते काम मी सोडलं नव्हतं आणि थांबवलंही नव्हतं. तळ्यात-मळ्यात करत राहिलो आणि ते मेलं.

म्हणून दुसऱ्या वेळी शहाणपण केलं. मी एक देवनागरी फॉन्ट करत होतो. चार वर्षं झाली होती आणि मी जोडाक्षरांत अडकलो होतो. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना वाटतं, छत्तीस अक्षरं काढली की झालं. प्रत्यक्षात अक्षरं ही सुरुवात असते. पहिल्या वेलांटीची कमान 'कि'वर वेगळी लागते आणि 'स्थि'वर वेगळी, म्हणून तिचीच पाच-सहा मापं काढावी लागतात. 'सर्वांनी' किंवा 'वर्षांत' असा रोजचा शब्द घ्या, त्यात कान्याच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात. मी त्या भांडणात अख्खा पावसाळा घालवला होता. दरम्यान पावत्या, अर्ज, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं अशा बारीकसारीक छपाईची मांडणी करून देण्याचं काम आपणहून चालून येत होतं. लोक पैसे देत होते, परत येत होते. फॉन्टला कुणी विचारत नव्हतं. मी फॉन्ट थांबवला. पण त्याआधी दोन आठवडे बसून, कुणा परक्याला समजेल अशी दोन पानांची चिठ्ठी लिहिली. काय झालंय, काय राहिलंय, 'ळ'ची दोन वळणं मुद्दाम असमान का ठेवली आहेत, कुठल्या जोडाक्षरावर माझं समाधान नाही. शेवटी तारीख टाकली, आणि एक रक्कम. दोन्हींपैकी जे आधी गाठलं जाईल तेव्हा फाइल उघडायची, असं ठरवलं.

असं लिहून ठेवण्यात मी काही नवं केलं नाही. डार्विनने १८४४ मध्ये उत्क्रांतीवरचा आपला निबंध लिहून पुरा केला आणि बाजूला ठेवला. सोबत बायकोच्या नावे पत्र: मी अचानक गेलो तर हा निबंध छापायला ४०० पौंड काढून ठेव आणि चांगला संपादक शोध. मग १८४६ पासून आठ वर्षं तो खडकाला चिकटणारे बार्नेकल हे समुद्री जीव अभ्यासत बसला. जून १८५८ मध्ये वॉलेस या दुसऱ्या निसर्ग-अभ्यासकाचं पत्र आलं, त्यात तीच कल्पना! थांबलं की दुसरा पुढे जातो, हा धाक इथे अक्षरशः खरा झाला. तरीही १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं, आणि डार्विनच्या बाजूने जे वाचलं त्यात त्या १८४४ च्या निबंधातले उतारे होते. डार्विनला पोटाची चिंता नव्हती, त्यामुळे त्याचं उदाहरण आपल्याला पुरतं लागू पडत नाही, हे कबूल. बासन मात्र कामाला आलं. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाचंही तसंच. १८२३ मध्ये सुरू केलेलं त्याचं गणनयंत्र सरकारचे १७,००० पौंड गिळून अर्धवट राहिलं, १८४२ मध्ये सरकारने हात झटकले. कुठे थांबावं हे त्याला कधी उमगलं नाही. एक पुरं व्हायच्या आत दुसरं अधिक मोठं यंत्र डोक्यात यायचं. पण १८४० च्या दशकाअखेरीस त्याने दुसऱ्या गणनयंत्राची संपूर्ण रेखाटनं करून ठेवली. त्यांवरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ मध्ये ते यंत्र बांधलं, आणि ते बिनचूक चाललं.

चिठ्ठीत रक्कम का लिहायची, हेही सांगतो. 'पुरेसे पैसे झाले की परत येईन' असं प्रत्येक जण म्हणतो, आणि 'पुरेसे' हा शब्द रबराचा असतो. कमाई वाढली की घर मोठं होतं, घर मोठं झालं की कमाई कमी पडते. आज, हात तंगीत असताना, शांत डोक्याने लिहिलेला आकडा हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक. तो पार केल्यावरही फाइल उघडावीशी वाटली नाही, तर ते दुसऱ्या कुणाला नाही तरी स्वतःला सांगून टाकावं.

दुसऱ्या कुणालाही सांगावं लागतंच म्हणा. तुमच्याबरोबर फुकट किंवा निम्म्या पैशात राबलेला मित्र, खर्चाला कात्री लावून दोन वर्षं काही न बोललेली जोडीदार, 'पुढचा भाग कधी' म्हणून वाट पाहणारे चार वाचक किंवा श्रोते. निष्ठेच्या गप्पांत हे लोक कधी येत नाहीत. ध्यास तुमचा असतो, त्याची उधारी बऱ्याचदा त्यांच्या खात्यावर चढलेली असते. त्यांना 'थांबवतोय, अमुक तारखेला बघू' किंवा 'बंद करतोय' यापैकी एक वाक्य देणं इतकं जड का जावं? माझ्या एका सहकाऱ्याने मला असं वाक्य कधी दिलं नाही. मी वर्षभर त्याच्या फोनची वाट पाहत आमच्या अंकाचा मजकूर तयार ठेवत होतो. तो धंद्यात गेला याचा मला राग नाही, आजही नाही.

माझ्या चिठ्ठीवरची तारीख गेल्या वर्षी आली. रकमेच्या बाबतीत अजून थोडं अंतर होतं, पण ठरलं होतं 'जे आधी'. फाइल उघडली. नव्या सॉफ्टवेअरने कुरकुर केली, काही अक्षरांच्या मापांचा घोळ झाला, तो निस्तरण्यात दोन रविवार गेले. हात जड झालाच होता. वळण काढताना पूर्वी जे आपोआप व्हायचं ते आता आठवून करावं लागत होतं. चिठ्ठीच्या दुसऱ्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'र्वां – अनुस्वार बारा एकक उजवीकडे हवा, मग सुटेल.' तसं करून पाहिलं आणि लेबलांच्या मापात, अगदी बारीक टाइपात छापलं. मधल्या वर्षांत स्वस्त कागदावर शाई कशी पसरते आणि रफार नि अनुस्वार मिळून कसा एकच डाग होतो, हे मी रोज पाहत आलो होतो. बारा पुरत नव्हते. अठरा लागले.